विश्लेषण : संख्याशास्त्राच्या संशोधनाला पैसा कोण पुरवणार?

लशीची चाचणी असो, पिकांचा अंदाज असो वा निवडणूकपूर्व पाहणी. संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. मात्र विद्यापीठांतील संख्याशास्त्र विभागांना स्वतःच्या संशोधनासाठी मिळणारा निधी तुटपुंजा आहे. ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ म्हणजेच ‘एएनआरएफ’ची स्थापना आणि भारतीय सांख्यिकी संस्थेविषयीचे प्रस्तावित विधेयक यांमुळे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रयोगशाळा नाही, मग निधी कशाला?

या विषयाला महागडी उपकरणे लागत नाहीत, हे खरे. खर्च होतो तो माणसांवर : संशोधक विद्यार्थ्यांचे विद्यावेतन, परिषदांचा प्रवास, पाहुणे संशोधक. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती दरमहा ३७ हजार रुपये झाली. म्हणजे घरभाडे भत्ता सोडून वर्षाला ४ लाख ४४ हजार रुपये. गणिती विज्ञानांसाठीच्या ‘मॅट्रिक्स’ योजनेत प्राध्यापकासाठी ठेवलेले अनुदान होते वर्षाला २ लाख रुपये, तेही ३ वर्षांपुरते. एवढ्या रकमेत एका विद्यार्थ्याचे निम्मे वर्षही निघत नाही.

संयुक्त प्रकल्पांनी उणीव भरून निघते?

काही अंशी. वैद्यकीय, कृषी वा हवामान प्रकल्पांत संख्याशास्त्रज्ञ सहसंशोधक असतात आणि त्या वाटेने विभागाकडे पैसा येतो. पण तिथे प्रश्न दुसऱ्या शाखेचा असतो आणि अनेकदा विदा गोळा झाल्यावरच संख्याशास्त्रज्ञाची आठवण होते. प्रयोग संपल्यावर त्याचा सल्ला घेणे म्हणजे शवविच्छेदन करवून घेणे, असा इशारा रोनाल्ड फिशर यांनी १९३८ मध्ये कोलकात्यात दिला होता. भागीदारी सुरुवातीपासून असेल तर चित्र वेगळे दिसते. बंगालमधील तागाच्या क्षेत्राचा अंदाज घेताना प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी नमुना सर्वेक्षणाच्या पद्धती घडवल्या. मूळचे सातारा जिल्ह्यातील पां. वा. सुखात्मे यांनी पीक-कापणी प्रयोगांना शास्त्रीय बैठक दिली. काम शेतीचे होते. पण त्यातून संख्याशास्त्रही पुढे गेले.

‘एएनआरएफ’मुळे काय बदलले?

२०२३ च्या कायद्याने ही संस्था स्थापन झाली आणि आधीचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ तिच्यात सामावले. २०२३ ते २०२८ साठी ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट आहे. त्यात केंद्राचा वाटा १४ हजार कोटींचा. उर्वरित ३६ हजार कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम आणि देणगीदारांकडून अपेक्षित आहेत. ‘पेअर’ योजनेत नामांकित संस्थांना राज्य विद्यापीठांशी जोडले जाते. ही संधी आहे, तशी मेखही आहे. उद्योग उत्पादनासाठी पैसा देईल. अपुऱ्या विदेतून भरवशाचा निष्कर्ष कसा काढावा, या सैद्धांतिक प्रश्नाला गिऱ्हाईक मिळणे कठीण.

सांख्यिकी संस्थेच्या विधेयकावर आक्षेप का?

१९३१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला १९५९ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला. २०२५ मधील मसुद्यात सोसायटीऐवजी वैधानिक संस्थेची रचना, तसेच शुल्क, सल्लासेवा आणि प्रायोजित प्रकल्पांतून उत्पन्न मिळवण्याची तरतूद आहे. कारभार सुधारावा हा हेतू असल्याचे सरकार सांगते. स्वायत्तता जाईल आणि मूलभूत संशोधन मागे पडेल, अशी भीती अध्यापक आणि विद्यार्थ्यांना वाटते.

मार्ग कोणता?

प्रत्येक संयुक्त प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पद्धतीविषयक संशोधनासाठी वेगळी तरतूद आणि आखणीपासून संख्याशास्त्रज्ञाचा सहभाग, या दोन अटी निधी देणारी संस्था घालू शकते. त्यासाठी फार पैसा लागत नाही. मात्र राज्य विद्यापीठांतील प्राध्यापकांची रिक्त पदे भरली नाहीत, तर प्रकल्प मिळूनही तो चालवायला माणूस नसेल.