विषय काढणारी क्रियापदे



गेल्या दिवाळीत जर्मनीहून सुट्टीवर आलेली एक मुलगी घरी भेटायला आली होती. तिची आई विडी कामगार. हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीतून तिने मुलीला नर्सिंग शिकवले. मी विचारले, "भाषा जमते का गं?" ती म्हणाली, "पेशंटशी जमते, मावशी. ताप, दुखणं, गोळ्या, ड्रेसिंग, सगळं बोलते. पण वॉर्डाच्या मीटिंगला तोंड उघडत नाही. सलग तिसरा शनिवार-रविवार माझ्याच वाट्याला आला होता. शब्द येत होते, पण विषय कसा काढतात तेच येत नव्हतं."

तिचे हे बोलणे माझ्या मनातून जाईना, म्हणून यावेळचे संपादकीय त्यावर लिहिते आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतराचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सेस आहेत, आणि नर्सेस म्हणजे बहुतांशी आपल्या मुली. तिथे नर्स म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे 'बी-टू' पातळीची जर्मन लागते. त्यामुळे सोलापूरच्या मुलीही वह्या घेऊन क्लासला बसू लागल्या आहेत.

अशाच एका क्लासला मी दोन रविवार मागच्या बाकावर बसले. आणणे, धुणे, उचलणे, मोजणे, कळवणे ही क्रियापदे मुलींना पाठ होती. सांगितलेले काम करण्याची सगळी क्रियापदे! सुचवणे, हरकत घेणे, नाकारणे, विषय काढणे मात्र वहीत नव्हती. मुलींना कोणती क्रियापदे आधी शिकवायची, यातही राजकारण असते.

बाईंना विनंती केली, तेव्हा त्यांनी आनंदाने फळ्यावर लिहून दिली. विषय काढणे म्हणजे 'आन्श्प्रेशन'. सुचवणे म्हणजे 'फोरश्लागन'. हरकत घेणे म्हणजे 'आइनव्हेंडन'. नाकारणे म्हणजे 'आबलेनन'. यांची गंमत अशी की वाक्यात ही क्रियापदे फुटतात. मुख्य भाग आधी येतो आणि पुढचा तुकडा वाक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसतो. 'इश श्लागं' म्हटले की अर्थ होतो 'मी मारते'. शेवटचा 'फोर' उच्चारला की मगच तो 'मी सुचवते' असा होतो. 'इश लेनं' म्हणजे 'मी टेकवते'. शेवटी 'आब' आले की 'मी नाकारते'.

म्हणजे मध्येच कुणी बोलणे तोडले, तर नकार देणारी बाई नुसती टेकवणारी ठरते! मुली खूप हसल्या. मला मात्र आपल्या किती तरी सभा आठवल्या. बाईचे वाक्य पुरे व्हायच्या आत कुणीतरी "म्हणजे ताईंना असं म्हणायचंय की" असे सुरू करतो आणि तिचा नकार अर्ध्यावरच राहतो.

बाईंनी यावर उपायही सांगितला. वाक्याची सुरुवात 'इश म्योश्टं', म्हणजे 'मला हवे आहे', अशी करायची. मग क्रियापद न फुटता अखंड शेवटी येते: 'इश म्योश्टं आइन टेमा आन्श्प्रेशन', मला एक विषय काढायचा आहे. क्रियापद शेवटी ठेवायची सवय तर मराठीने आपल्याला लावलेलीच आहे. आणखी एक प्रयोग त्यांनी सांगितला, 'त्सूर श्प्राखं ब्रिंगन'. शब्दशः भाषेपर्यंत आणणे. आपण म्हणतो 'वाचा फोडणे'. किती जवळचे!

पण नुसत्या क्रियापदांनी भागत नाही. विषय कुठे काढायचा हेही माहीत हवे. जर्मन कायद्यानुसार किमान पाच कायम कामगार असलेल्या खाजगी आस्थापनेत कामगारांना आपली समिती निवडता येते, तिला 'बेट्रीब्सराट' म्हणतात. सरकारी रुग्णालयांत आणि चर्चच्या संस्थांत अशी समिती वेगळ्या नावाने असते. कामाच्या पाळ्या कशा लावायच्या, यावर तिचा अधिकार चालतो. २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्याने लिंग, वंश, धर्म यांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध कामाच्या ठिकाणी तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. हे 'बी-टू'च्या वहीत नसेल, तर आपण लिहून द्यायला हवे. निघण्यापूर्वी करारही वाचून घ्यायला हवा. नोकरी लवकर सोडल्यास भाषेच्या शिक्षणाचा खर्च परत करावा, अशी अट काही करारांत असते.

शब्द बदलतात, ते कुणीतरी विषय काढल्यामुळेच. जर्मनीत नर्सला पूर्वी 'क्रांकनश्वेस्टर', म्हणजे आजाऱ्यांची बहीण, म्हणत. २००४ पासून व्यवसायाच्या अधिकृत नावातून ही 'बहीण' गेली. आपल्याकडे 'सिस्टर' अजून आहेच. बहिणीला पगार आणि पाळ्या विचारायला संकोच वाटतो, व्यावसायिक बाईला वाटू नये.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच सोलापूरचे. १९३८ मध्ये ते चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करताना चिनी भाषा शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचा आपल्याला अभिमान आहे. आज या मुली परकी भाषा शिकत आहेत, ती दुसऱ्याच्या सेवेसाठी आणि पोटासाठी. ती त्यांच्या स्वतःच्या कामीही यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

म्हणून गटांना विनंती. तुमच्या वस्तीतल्या मुली असा क्लास करत असतील तर महिन्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासोबत बसा. शिबिरात आपण भूमिकानाट्य करतो, तसेच करा. एकीने मेट्रन व्हावे, एकीने पाळीचा विषय काढावा आणि बाकीच्यांनी तिला मध्येच तोडावे. वाक्य शेवटच्या तुकड्यापर्यंत नेण्याचा सराव असाच होईल.

आणि एक आपल्यासाठी. त्या मुलीची आई घरी तेलुगू बोलते. आमच्या बैठकांना ती नियमित येते आणि कोपऱ्यात गप्प बसते. बैठक मराठीत चालते, म्हणून आम्ही समजत आलो की तिला काही म्हणायचे नसावे. विषय काढण्याचे तेलुगू क्रियापद मी इतक्या वर्षांत एकदाही विचारले नाही. येत्या बैठकीत तिलाच विचारणार आहे.

सस्नेह,
संपादक