तळहातात मावणारे पाते आणि स्वावलंबन

नाशिकजवळच्या ओझर येथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेपावले, तेव्हा महाराष्ट्राला वाटलेला अभिमान सार्थच होता. ज्या ओझरमध्ये एकेकाळी परवान्यावर मिग-२१ विमाने बांधली गेली, तेथेच भारतीय आराखड्याचे विमान तयार व्हावे, हा योग लहान नव्हे. परंतु त्या विमानाच्या पोटातील एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे आहे. २०२१ मध्ये मागणी नोंदविलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५ मध्ये पोहोचले. दरम्यान २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले आणि ४२ स्क्वाड्रनची मान्यता असलेल्या हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या अवघ्या २९ स्क्वाड्रन उरल्या. विमान बांधणाऱ्या देशाला त्याचे इंजिन का बांधता येऊ नये, हा प्रश्न त्यामुळे केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही.

जेट इंजिनाचे तत्त्व गुप्त नाही. इंग्लंडच्या फ्रँक व्हिटल यांनी त्याच्या पेटंटसाठी १९३० मध्येच अर्ज केला होता. पुढून हवा आत घ्यायची, कॉम्प्रेसरने ती दाबायची, तीत इंधन जाळायचे आणि तप्त वायू वेगाने मागे सोडायचा, इतके ते सरळ आहे. वाटेत हा वायू टर्बाइनच्या पात्यांवर आदळून चाक फिरवितो आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर त्यामुळे चालतो. वायू जितका अधिक तप्त, तितके कमी आकाराच्या इंजिनातून अधिक बळ मिळते. साहजिकच तापमान वाढविण्याची शर्यत सुरू झाली आणि अडचणीचा उगमही तेथेच आहे.

आधुनिक लढाऊ इंजिनात टर्बाइनच्या तोंडाशी वायूचे तापमान १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पाती ज्या निकेलच्या मिश्रधातूची असतात, तो मात्र साधारण १,३०० ते १,३५० अंशांच्या आसपास वितळू लागतो. म्हणजे पाते स्वतःच्या वितळणबिंदूहून तप्त अशा झोतात उभे असते. शिवाय मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेताना तळहातात मावणाऱ्या त्या पात्यावर काही टनांचा ताण येतो. तापलेला धातू अशा ताणाखाली कणाकणाने लांबत जातो आणि अखेर तुटतो.

यावर उपाय म्हणून पाते आतून पोकळ केले जाते. कॉम्प्रेसरमधून काढलेली हवा त्यातील नागमोडी वाटांनी खेळविली जाते. ही हवाही सहाशे अंशांच्या घरातील असते. पण भोवतीच्या ज्वाळेच्या तुलनेत ती शीतलच म्हणायची. पुढे ती पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडते आणि पात्यावर हवेचे पातळ आवरण पसरते. त्याखाली झिर्कोनियाच्या भुकटीचा, उष्णता अडविणारा मुलामा असतो. मात्र पात्यांकडे वळविलेली हवा इंजिनाच्या कामातून वजा होते. कमीतकमी हवेत पाते जगविणे, हे सारे कौशल्य.

अशी पाती ओतण्याची रीत मूळची भारताला परिचित आहे. मेणाची प्रतिमा, तिच्याभोवती साचा, मेण वितळवून त्या जागी धातू, ही पद्धत बाराव्या शतकातील सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात वर्णिलेली आहे. पात्यांसाठी तीच रीत वापरतात. फरक इतकाच, की आतील वाटांसाठी सिरॅमिकचा गाभा ठेवून तो नंतर रसायनाने विरघळवावा लागतो. त्याहून कठीण काम स्फटिकाचे. सामान्य धातू असंख्य कणांचा असतो आणि उष्णतेत त्या कणांचे सांधे प्रथम निखळतात. म्हणून साच्याच्या तळाशी मळसूत्रासारखी अरुंद वाट ठेवतात. तिच्यातून वर आलेला एकच स्फटिक सगळे पाते व्यापतो. प्रवासी विमानांच्या इंजिनांत अशी पाती अमेरिकेने १९८२ मध्ये आणली.

भारताने कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये सुमारे ३८३ कोटी रुपयांच्या मंजुरीने हाती घेतला आणि १९९६ पर्यंत तो पुरा करण्याचे ठरविले. इंजिनाचे वजन अधिक भरले, बळ कमी पडले आणि २००८ मध्ये कावेरीची तेजसपासून फारकत झाली. उंचीवरील चाचण्यांसाठी ते रशियाला न्यावे लागले, कारण तशी सोय देशात नव्हती. या अपयशाबद्दल बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांना दोष देणे सोपे आहे. परंतु अनेक पिढ्यांच्या फुटलेल्या पात्यांतून इतरांनी जे ज्ञान मिळविले, ते सात वर्षांत हाती येईल, ही अपेक्षाच मुळात अवाजवी होती.

परवान्यावरील उत्पादन हा जवळचा मार्ग वाटतो. २०२३ मध्ये एफ-४१४ इंजिनांबाबत समझोता झाला, तेव्हा सुमारे ऐंशी टक्के तंत्रज्ञान मिळेल, असे सांगण्यात आले. त्याचा लाभ घ्यावाच. तथापि ओडिशातील कोरापूटच्या कारखान्याने मिग विमानांची इंजिने कित्येक दशके बनविली, तरी त्यातून नवे इंजिन निर्माण झाले नाही, हा अनुभव विसरून चालणार नाही. पात्यातील छिद्र कोठे आहे, हे नकाशा सांगतो. ते तेथेच का आहे, याचे उत्तर नकाशात नसते.

ते उत्तर शोधण्याची शक्ती देशात नाही, असे मात्र नाही. एका स्फटिकाची ६० पाती संरक्षण संशोधन संस्थेने हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी २०२१ मध्ये तयार करून दिली. हे बीज जोपासायचे, तर देशातच चाचणीगृहे हवीत, धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आयुष्यभर पुरेल असे काम हवे आणि शंभर पाती फुटली तरी एकशे एकाव्यासाठी पैसा देणारे शासन हवे. फुटलेले पाते म्हणजे वाया गेलेला खर्च, ही हिशेबी दृष्टी बदलली नाही, तर ओझरहून विमाने उडत राहतील. ती केव्हा उडावीत, हे मात्र परक्या कारखान्याचे वेळापत्रक ठरवील.