गाडी म्हातारी नव्हती, तिचं ऐकलं जात नव्हतं

राखोलीत आमच्या दारात बाबांची पालिओ १.६ उभी आहे. १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, १०० बीएचपी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. खानवेलच्या वळणांवर ती चालवताना बाबा दहा वर्षांनी तरुण व्हायचे. ते गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, आणि दोन वर्षांतच काळा धूर, पेट्रोलचा वास, अ‍ॅव्हरेज निम्म्यावर.

एका गॅरेजने प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, मग महागडा ऑक्सिजन सेन्सर. फरक शून्य. शेवटी म्हणाले, "इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा भंगारात द्या." मी आईला तसं सांगूनही टाकलं. ती काहीच बोलली नाही, गाडीवरचं कव्हर तेवढं नीट करून आली.

मग एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी पाना उचललाच नाही. आधी विचारलं, "गार असताना कशी चालते?" म्हटलं, मस्त. सेलवासला पोचेपर्यंत गरम झाली की बिघडते. त्यांनी स्कॅनर लावला. इंजिनला हात लावला तर चटका बसत होता, आणि स्कॅनर दाखवत होता तापमान ३० अंश! पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर खोटं बोलत होता. इंजिन गारच आहे असं समजून कंप्युटर जास्त पेट्रोल सोडत राहिला. आणि इंजिन गार आहे असं वाटतं तोवर तो ऑक्सिजन सेन्सरचं ऐकतच नाही. मग नवा बसवून काय उपयोग? खात्री करायला मिस्त्रींनी मीटरने रेझिस्टन्स मोजला. सेन्सर तापला की तो उतरायला हवा, इथे जागचा हलेना. काहीशे रुपयांचा सेन्सर बदलला, धूर गेला.

माझं स्पष्ट मत आहे: "बदलून बघू" हे निदान नव्हे. जास्त पेट्रोल जातंय म्हटल्यावर आधी विचारा, कधी? गार असताना, गरम असताना, की कायम? मग मोजा. पार्ट सगळ्यात शेवटी. मात्र चालढकलही नको. जादा पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

चूक एकट्या गॅरेजची नव्हती. "जुनी झाली" हे मलाही सोयीचं वाटलं होतं. परवा आईला दमणगंगेच्या पुलावरून फिरवून आणलं. म्हणाली, "आवाज तोच आहे रे."