टॅब चालू होत नाही? फॉरमॅट मारा!

मंडळी, आज जरा चिडून लिहिते आहे, सांभाळून घ्या.

टॅब चालू होत नाही? फॉरमॅट मारा. कंपनीचं नाव येतं आणि तिथंच अडकतो? फॉरमॅट मारा. चालू होतो आणि दोन मिनिटांत विझतो? फॉरमॅट मारा. गोंदियात स्टेशनकडच्या गल्लीत विचारा, आमगावला बसस्टँडजवळ विचारा, नाहीतर घरातल्या एखाद्या हुशार पोराला विचारा, उत्तर एकच. आमच्या लहानपणी गावात सायकलवर एक डॉक्टर यायचे. ताप असो, खोकला असो, सुई ठरलेली. पण त्या सुईनं निदान पेशंटची आठवण तरी पुसली जात नव्हती.

मी बँकेत काम करते, इंजिनिअर वगैरे काही नाही. पण "तिला कॉम्प्युटरमधलं समजते" असा शिक्का घराण्यात बसलाय, त्यामुळे आमगाव, तिरोडा, सालेकसापासून पार बालाघाटपर्यंतच्या नातेवाइकांचे बंद पडलेले फोन आणि टॅब फिरत फिरत माझ्याकडे येतात. (हे वाचणाऱ्यांपैकी तिघांचे अजून माझ्या कपाटात आहेत. घेऊन जा.) इतके टॅब हाताखालून गेल्यावर माझं मत पक्कं झालंय. बंद टॅबवर पहिला उपाय म्हणून फॉरमॅट सांगणं हा निव्वळ आळस आहे. आणि हा आळस दुकानातल्या पोराचा कमी, त्याच्या बरंच वर बसलेल्यांचा जास्त.

धाकट्या भावाच्या मुलीचंच सांगते. अकरावी सायन्स. ऐन धानकापणीत आईच्या मोबाईलवरून तिचा फोन आला.

"आत्या, टॅब चालूच नाही होत. नाव येते अन् काळा होते."

मागून तिच्या आईचा आवाज, "ताई, दिवसभर व्हिडिओ पाहते, मग बिघडंल नाही तं काय!"

मी म्हटलं, रविवारी येते, तोवर कोणाकडे देऊ नका. पण घरात पोरीचा अभ्यास बुडतोय म्हणून कटकट सुरू झाली, आणि भाऊ धानाच्या कामासाठी बाजाराच्या गावी गेला तेव्हा टॅब सोबत घेऊन गेला. दुकानात दहा मिनिटं उलटसुलट बघून सांगितलं, सॉफ्टवेअर उडालं, चारशे रुपये होतील. संध्याकाळी टॅब घरी आला, नव्यासारखा चकाचक, आतून रिकामा. तीन दिवसांनी परत तेच. नाव येते अन् काळा होते.

रविवारी मी गेले. चार्जर लावून ठेवला तर टॅब व्यवस्थित चालू. वायर काढली की पाच मिनिटांत बंद, आणि पुन्हा सुरू करायला गेलं की नावाच्या पुढे जात नाही. बॅटरी! सॉफ्टवेअरला काहीच झालेलं नव्हतं. बॅटरी थकली की नुसता पडदा दाखवण्यापुरती वीज देते, पण सुरू होतानाच्या क्षणी प्रोसेसर, पडदा, वायफाय सगळेच एकदम वीज मागतात. तेवढी ओढ तिला झेपत नाही, व्होल्टेज पडतं आणि टॅब स्वतःला बंद करून घेतो. आपल्या गावात संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे पिवळे होतात ना, तसंच. हे ओळखायला यंत्र लागत नाही, एक चार्जर आणि अर्धा तास लागतो.

त्या टॅबमध्ये तिच्या नोट्सचे फोटो होते, ते मैत्रिणींकडून परत मिळाले. दुसरं जे होतं ते नाही मिळालं. 2022 च्या उन्हाळ्यात तिनं दुपारी दुपारी आजीला बसवून लग्नातली पोवारी गाणी रेकॉर्ड केली होती. हळदीची, मांडवाची, विहिणीला चिडवायची. चाळीसच्या वर होती. पुढच्या वर्षी आई गेली. आता कुणी म्हणेल, रिकव्हरीचं सॉफ्टवेअर असतं ना. नाही. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये सगळा डेटा कुलूपबंद असतो आणि फॅक्टरी रिसेट केलं की त्या कुलपाची किल्लीच नष्ट होते. मग कुणीही काही काढून देऊ शकत नाही, आणि काढून देतो म्हणणारा पैसे घेऊन जाईल.

"बॅकअप का नाही घेतला?" पुण्यातल्या भावंडांनो, तुमचा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. गुगलची फुकटातली जागा 15 जीबी, ती मैत्रिणींनी पाठवलेल्या गणिताच्या व्हिडिओंनी भरलेली. रोजचा डेटा क्लासमध्ये संपतो. आणि गावात रेंज कुठं येते? घराच्या गच्चीवर टाकीपाशी. तुम्ही एकदा तिथं उभं राहून चाळीस फायली चढवून दाखवा, मग बोलू.

आता आळस का म्हणते ते सांगते. फॉरमॅटच्या आधी करून बघण्यासारखं कितीतरी असतं, आणि त्यातल्या कशानंच काही पुसलं जात नाही. टॅब पूर्ण उतरून आठवडाभर पडला असेल तर चार्जरला लावल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त, पडद्यावर काहीही दिसत नाही. लोक दोन मिनिटांत "मेला" म्हणून वायर काढतात. दोन तास लावून ठेवा. तेही त्याच्याच चार्जरवर. लॅपटॉपच्या साध्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो, मोठ्या टॅबला तो पुरत नाही. वायर बदलून बघा, निम्मे आजारी टॅब वायरीनं बरे होतात. चार्जिंगच्या भोकात उजेड पाडून बघा. आपल्याकडे मळणीच्या दिवसांत घरभर धानाचा भुसा उडतो, राईस मिलच्या आसपास तर बारा महिने. तो आत दाबला जाऊन घट्ट बसतो. टॅब बंद करून लाकडी काडीनं हलकेच काढायचा, टाचणीनं नाही.

मग पॉवरचं बटण चांगलं तीस सेकंद दाबून धरा. अडकलेला टॅब बहुतेक वेळा तेवढ्यानं उठतो. कव्हर काढा! हे फार जण विसरतात. स्वस्तातलं घट्ट कव्हर आवाजाचं बटण दाबून ठेवतं, आणि पॉवरसोबत ते दाबलं गेलं की टॅब दर वेळी कुठल्यातरी भलत्याच काळ्या पानावर उघडतो. सालेकसाच्या एका मामांचा टॅब चार महिने असा "खराब" होता. कव्हर काढलं, चालू झाला. मामांना अजून पटलेलं नाही, त्यांना वाटतं मी मंत्र मारला. :-)

मेमरी कार्ड आणि सिम काढून सुरू करून बघा. सेफ मोड येत असेल तर नवं टाकलेलं अॅप काढा, जागा मोकळी करा, कारण आतली जागा शेवटच्या थेंबापर्यंत भरली तरी टॅब सुरू होताना अडकतो. अपडेट अर्धवट राहिलं असेल तर काही कंपन्यांच्या टॅबमध्ये डेटाला हात न लावता नुसती सिस्टीम परत भरता येते. दुकानदाराला तेवढं स्पष्ट सांगा. मात्र पाठ फुगलेली दिसली, पडदा एका बाजूनं वर आला असेल, तर यातलं काहीही करू नका. चार्जिंगला लावूच नका. ती बॅटरी पेटू शकते.

आणि या सगळ्यात टॅब स्वतः काय म्हणतो? सिस्टीम उघडेना की पडद्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात दोन पर्याय येतात. एक 'ट्राय अगेन', दुसरा 'फॅक्टरी डेटा रिसेट'. चार वेळा पहिला दाबून कंटाळलेला माणूस पाचव्यांदा दुसरा दाबणारच. मराठीत ठळक लिहायला काय हरकत होती, की हे दाबाल तर सगळं जाईल? टॅब चालू असताना मेनू मराठीत, जाहिरात मराठीत, आणि नेमकं जिथं हात जपून टाकायचा तिथं इंग्रजी.

दुसरी चीड आणणारी गोष्ट म्हणजे पहिला संशय नेहमी वापरणाऱ्यावर. "काय केलंस? गेम टाकला असशील." मुलगा असेल तर बोलणी खाऊन सुटतो. मुलगी असेल तर टॅब काढून घेतात. आमच्या पोरीनं ते पंधरा दिवस ऐकून घेतलं. बॅटरी उन्हानं मेली होती, तिच्या हातानं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त, आणि लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतकं दुसरं काहीही लवकर म्हातारं करत नाही. कंपनीला हे ठाऊक असतं. आपण गोंदियात राहतो हा काही आपला निष्काळजीपणा नव्हे.

दुकानातल्या पोरावर मी चारशे रुपयांपुरतीच चिडलेय. त्याची बाजू बघा. त्या मॉडेलची बॅटरी कंपनी त्याला विकत नाही. उघडायचं कसं याचा नकाशा देत नाही. पाठ गोंदानं चिकटवलेली, उघडताना पडदा तडकला तर भुर्दंड त्याच्यावर. त्याच्याकडे फुकटात मिळणारं हत्यार एकच, लॅपटॉप आणि फॉरमॅट. मग त्याला प्रत्येक आजार सॉफ्टवेअरचाच दिसतो. अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायचं तर नागपूर, गोंदियाहून रेल्वेनं 130 किलोमीटर. केशोरीकडच्या माणसाचा आधी गोंदियाला पोचण्यातच अर्धा दिवस जातो. आणि तिथं फॉर्म भरतानाच सही घेतात की डेटाची जबाबदारी आमची नाही. म्हणजे तिथंही तेच, फक्त एसीत.

आता सरकारी वाटपाकडे या. 5 ऑक्टोबर 2011 ला दिल्लीत कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅब्लेट आणला, सुमारे सव्वादोन हजारांचा. जगातला सर्वांत स्वस्त म्हणून कौतुक झालं. मेमरी 256 एमबी, पडद्याचा स्पर्श जाड, बॅटरी लवकर मान टाकणारी. चर्चा झाली ती किमतीची, बिघडला तर कुठं न्यायचा याची नाही. 2019 मध्ये आपल्या राज्यात अंगणवाडी ताईंना 2 जीबी रॅमचे मोबाईल दिले. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर आलं, फोन तापू लागले, अडकू लागले, वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या मानधनातून. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या ताईंनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. मला ते आंदोलन फार आवडलं होतं. बंद पडणाऱ्या वस्तूचं ओझं आपल्या गळ्यात बांधून घेणार नाही, इतकं साधं म्हणणं.

नागपूरची महाज्योती संस्था ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांना नीट, जेईई, सीईटीच्या ऑनलाइन तयारीसाठी टॅब देते, सोबत रोजचा 6 जीबी डेटा. योजना चांगली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या किती घरांना क्लासची फी परवडते ते सगळ्यांना माहीत आहे. पण म्हणूनच विचारते. क्लास टॅबवर, पुस्तक टॅबवर, सराव परीक्षा टॅबवर, आणि परीक्षेच्या दोन महिने आधी त्याच टॅबनं काळं तोंड दाखवलं तर पोरानं काय करायचं? प्रत्येक तालुक्याला, म्हणजे आपल्याकडे आठ ठिकाणी, चार सुट्या बॅटऱ्या, चार बदली टॅब आणि डेटा न पुसता तपासणारा एक माणूस ठेवायला किती खर्च येईल? टॅबच्या खरेदीपुढे तो चिल्लर असेल.

हे अशक्य असतं तर मी बोलले नसते. युरोपात 20 जून 2025 पासून नियम लागू आहे. फोन आणि टॅबचं मॉडेल बाजारातून गेल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळालेच पाहिजेत आणि सिस्टीमचे अपडेट किमान पाच वर्षं. तिथं विकणाऱ्या कित्येक कंपन्या इथंही विकतात. आपल्याकडे जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्रानं समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल आलं. उघडून बघा. सर्व्हिस सेंटरचे पत्ते आणि फोन नंबर आहेत. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे, आणि पत्ता म्हणजे बॅटरी नव्हे.

आमच्या पोरीच्या टॅबला बॅटरी शेवटी मिळाली ती पडदा फुटलेल्या, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या टॅबमधून. साडेसहाशे रुपये. बसवली त्याच दुकानातल्या पोरानं, पडद्याला ओरखडा न येऊ देता. हात चांगला आहे त्याचा.

आता एक काम, खास नातेवाइकांसाठी. 2022 च्या उन्हाळ्यात पोरीनं त्या गाण्यांपैकी काही घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली होती. ज्यांनी तेव्हापासून फोन बदललेला नाही त्यांनी त्या महिन्यांतले ऑडिओ शोधून बघा. बालाघाटच्या मावशीनं दोन पाठवलीत, त्यातल्या एकात मागून कुकरची शिट्टी आहे, तरी चालेल. फोन आधीच बंद पडला असेल तर कोणाकडे देऊ नका, तसाच माझ्याकडे घेऊन या.