डोक्यातला गजर

शुक्रवारची टीम पार्टी. सगळ्यांच्या हातात ग्लास आणि एकटा पठ्ठ्या फ्रेश लाइम सोडा घेऊन बसलेला. लगेच कुणीतरी विचारणारच, ‘काय रे, श्रावण लागला का?’ आता समजा, या बिचाऱ्याला क्लस्टर हेडेक आहे. अर्धा ग्लास बिअर पोटात गेली की तासाभरात एका डोळ्यामागे तापलेली सळई खुपसल्यासारखं होणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण तीन महिन्यांपूर्वी हाच मुलगा तुमच्यासोबत दोन बिअर आरामात प्यायला होता. मग आत्ताच कसली नाटकं?

नाटकं नाहीत हो. हजारात साधारण एकाला होणारी ही डोकेदुखी येते ती झुंडीनं. सहा ते बारा आठवडे मुक्काम, त्यात दिवसाआड एक ते दिवसाला आठ अ‍ॅटॅक, प्रत्येक पाव तास ते तीन तासांचा. मग महिनोन्‌महिने गायब. दारू नडते ती फक्त हा सीझन चालू असताना. उग्र वासांचंही तेच. ऑइल पेंट, थिनर, पेट्रोल आणि हो, लिफ्टमध्ये दरवळणारा बॉसचा परफ्यूमसुद्धा. काहींना उकाडा पुरतो, काहींना दुपारची डुलकी. हृदयरोगी जिभेखाली ठेवतात ती नायट्रोग्लिसरिनची गोळी तर इतकी हमखास, की संशोधक मुद्दाम अ‍ॅटॅक आणायला तेच औषध वापरतात.

पण खरा सूत्रधार बाहेर नाहीच. झोपेचं घड्याळ सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस यात सामील असतो. म्हणून तर झोप लागून तास-दीड तास झाला की रोज त्याच वेळेला कळ उठते. बिअर सोडली तरी गजर वाजतोच. सिगारेटचंही असंच. बरेच पेशंट स्मोकर असतात, पण सोडल्यावर दुखणं थांबेलच याची गॅरंटी नाही. (तरी सोडाच!)

डोळा लाल, पाणी, नाक चोंदलेलं. त्यामुळे सायनस म्हणून वर्षं निघून जातात. कळ जबड्यात उतरली तर धडधाकट दात उपटून घेणारेही आहेत. एक खूण लक्षात ठेवा. मायग्रेनवाला अंधारात गपगार पडून राहतो. हा मात्र येरझाऱ्या घालतो, एका जागी बसूच शकत नाही.

अशा वेळी नेहमीची पेनकिलर गिळून उपयोग नाही, तिचा असर होईपर्यंत अ‍ॅटॅक संपलेला असतो. मास्कमधून मिनिटाला १२ ते १५ लिटर शुद्ध ऑक्सिजन पाव तास घेतला की अनेकांना उतार पडतो. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शन आहे, सीझनभर अ‍ॅटॅक रोखायला व्हेरापामिल आहे. पण हे सगळं न्यूरॉलॉजिस्टच्या सल्ल्यानं. व्हेरापामिल घेताना ईसीजीही काढावा लागतो. जाताना अ‍ॅटॅकच्या तारखा आणि वेळा लिहून न्या, निदान पटकन होतं.

आणि ऑफिसात रंगकाम निघालं असेल, तर त्या सहकाऱ्याला दोन दिवस दुसऱ्या मजल्यावर बसू द्या.