‘नाही’ म्हणणारा मणका

दिवाळीच्या फराळात हाडांची गोष्ट वाढली म्हणून वाचकांनी रागावू नये. गोष्ट आपल्या परळची आहे आणि ती जगभर गेलेली आहे.

मान डोलावून आपण ‘हो’ म्हणतो, ते कवटी आणि पहिला मणका यांच्यामधल्या सांध्याच्या बळावर. ‘नाही’ म्हणताना फिरतो तो त्याखालचा, पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधला सांधा. पहिल्या मणक्याला पाश्चात्त्यांनी आकाश तोलणाऱ्या अ‍ॅटलसचे नाव दिले आहे. (आपण बारसे केले असते तर शेषाचे ठेवले असते!) दुसऱ्या मणक्याचा दातासारखा खुंटा पहिल्याच्या कड्यात बसतो व त्याभोवती डोके फिरते. जन्मजात दोषाने, संधिवाताने किंवा अपघाताने हा सांधा निसटला की मज्जारज्जू चेपू लागतो. प्रथम सदऱ्याची बटणे लावता येईनाशी होतात, मग पाऊल अडखळते. पुढे श्वासावरही बेतते.

असे मणके पूर्वी तारेने बांधीत. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल यांनी वेगळी वाट काढली. दोन्ही मणक्यांच्या बाजूच्या भरीव भागांत स्क्रू बसवायचे आणि ते धातूच्या पट्टीने जोडायचे. डॉ. लाहेरी यांच्यासह त्यांनी ही पद्धत १९९४ साली प्रसिद्ध केली. २००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी पट्टीऐवजी सळई वापरली. आज जगातले शल्यविशारद या पद्धतीला ‘गोयल-हार्म्स’ म्हणतात. परळचे नाव असे मानेत जाऊन बसले!

सांगायला सोपे वाटते. पण मेंदूकडे जाणारी एकेक रोहिणी मानेच्या दोन्ही अंगांनी याच मणक्यांतून वर चढते आणि पहिल्या मणक्यावरून वळसा घेते. तिची वाट माणसागणिक थोडी निराळी असते. म्हणून आधी स्कॅन काढून ती पाहून ठेवतात. तरीही कधी स्क्रूसाठी भोक पाडताना तिला इजा होते आणि रक्ताचा लोट येतो. मग दाब द्यायचा, भोक बुजवायचे. पुष्कळदा तो स्क्रूच तिथे बसवून रक्त थांबवतात. आणि दुसऱ्या बाजूला? तिथे हात लावायचा नाही. एक रोहिणी गेली तरी दुसरी धड असेल तर मेंदूचे बहुधा भागते. दोन्ही गेल्या तर माणूस जाऊ शकतो. अर्धे काम टाकून थांबणारा तो हात मला स्क्रू बसवणाऱ्या हाताहून मोठा वाटतो.

आमच्या पनवेलहून कुर्ल्याला गाडी बदलून परळला जाणारे रोग्याचे नातेवाईक एकच विचारतात, “डॉक्टरसाहेब, ऑपरेशन यशस्वी होईल ना?” त्याबरोबर “मध्येच काही बिघडले तर तुम्ही काय कराल?” असेही विचारावे. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. त्याने उत्तर आधीच ठरवलेले असते.

शिवाय सारे सुरळीत झाले तरी किंमत आहेच. सांध्यापर्यंत पोहोचण्यासाठी गोयलांच्या पद्धतीत तिथला एक मज्जातंतू कापतात, त्यामुळे डोक्याचा मागचा भाग बधिर राहतो. कंगवा फिरवला तरी नीट कळत नाही. मान फिरवण्याची जवळजवळ निम्मी शक्ती याच सांध्यात असते, ती कायमची जाते. हात-पाय चालू लागतात, बटणे लागतात. पण मागून कोणी हाक मारली तर खांद्यांसकट वळावे लागते.