इंजिन खोलण्याआधी तपासणीचे पैसे द्या

पोलादपूर सोडलं की आंबेनळी घाट लागतो. सुमारे ४० किलोमीटरमध्ये गाडीला कोकणच्या सखलातून थेट महाबळेश्वरच्या साडेचार हजार फुटांवर चढायचं असतं. नव्या गाडीला याचं काही वाटत नाही. पण वीस वर्षं वापरलेली ओम्नी किंवा जुनी ट्रॅव्हलर, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवून राहण्याजोगी केलेली, चार माणसं आणि सामान घेऊन निघाली की तिचं दडलेलं दुखणं याच चढावर उघडं पडतं. काटा लाल रेघेला टेकतो. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे वाफ आणि जळका वास थेट बसल्या जागी येतो. मग कुणीतरी टोचन लावून गाडी पोलादपुरात किंवा महाडला आणून सोडतं आणि पहिल्याच गॅरेजात ऐकायला मिळतं, "साहेब, इंजिनचं काम निघालंय."

असेलही निघालेलं. पण ते कशावरून ठरवलं, हे विचारल्याशिवाय इंजिनाला पाना लावू देऊ नका. आणि नीट तपासून सांगणाऱ्याला त्या तपासणीचे पैसे द्या. माझं मुख्य सांगणं एवढंच आहे.

मिस्त्रीने गाडी "नुसती बघितली" तर त्याचे पैसे द्यायची आपल्याकडे रीतच नाही. जो माणूस दीड तास घालवून "इंजिन ठीक आहे, रेडिएटर जाम झालाय, रॉडिंग करून घ्या" असं सांगतो, त्याच्या हातावर आपण चहापाण्याचे पैसे ठेवतो आणि चालू पडतो. जो पाहता क्षणी इंजिन उतरवतो, त्याला मात्र पूर्ण बिल मिळतं. प्रामाणिक निदान तोट्यात जाणार आणि इंजिन उतरवणं फायद्यात, हा हिशोब आपणच घालून दिलेला आहे. मग विश्वासाचा मिस्त्री मिळत नाही म्हणून कुरकुर करण्यात अर्थ नाही. गॅरेजात शिरतानाच सांगा: "दादा, आधी फक्त तपासा. तपासणीचे किती ते आत्ताच ठरवू. काम तुमच्याकडे केलं नाही तरी ते पैसे तुमचे." या वाक्यावर समोरचा माणूस कसा वागतो, तिथेच पुष्कळ कळतं.

तपासणी म्हणजे काय, हेही माहीत हवं. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण काढायचं आणि गाडी चालू करायची. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. रेस दिल्यावर पाण्यात बुडबुडे येतच राहिले तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायला जागा आहे. ऑइलची पट्टी काढून पाहा, भरण्याच्या झाकणाची आतली बाजू पाहा. तिथे दुधाळ चहाच्या रंगाचा चिकट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये उतरलेलं असू शकतं. ऑइलची पट्टी वर उडत असेल, ब्रीदरमधून भकाभका धूर येत असेल, तर मिस्त्री म्हणतात "बॅक कॉम्प्रेशन मारतंय". रिंगा किंवा बोअर झिजल्याची ती खूण आहे.

पण खूण म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा कॉम्प्रेशन गेज देतो. पेट्रोल गाडीत सगळे प्लग काढायचे, एकेका भोकाला गेज लावायचा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा आणि आकडा कागदावर लिहायचा. ओम्नीला तीनच सिलिंडर, म्हणजे तीनच आकडे. तिन्ही जवळजवळ सारखे आणि पुरेसे असतील तर इंजिन बांधायची घाई करू नका. एक आकडा बराच खाली असेल तर त्या भोकात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर आला तर दोष रिंगा-बोअरचा. हलला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा. दुसऱ्या प्रकारात काम बहुधा हेडपुरतं असतं. हेड उतरवायचं, लेथवर नेऊन बाक आलाय का ते पाहायचं, फेसिंग करायचं, व्हॉल्व्ह बसवायचे. चमचाभर ऑइलने पूर्ण इंजिनाचा खर्च वाचू शकतो. म्हणून गेज नसलेल्या गॅरेजात इंजिन खोलायला देऊ नका, मग तो माणूस कितीही गोड बोलो.

डिझेलला गेज वेगळा लागतो आणि पंप-नोझलचा प्रश्न वेगळा. काळा धूर मारते म्हणून पंप उघडायला निघालेल्याला थांबवा. आधी एअर फिल्टर आणि नोझल पाहू द्या. पंपाचं सेटिंग टेस्ट बेंचवर होतं, रस्त्याकडेला स्क्रू फिरवून होत नाही.

आता असा माणूस शोधायचा कुठे? तुमचीच गाडी पोटासाठी चालवणाऱ्यांना विचारा. ओम्नी १९८४ ते २०१९ अशी पस्तीस वर्षं बनत होती, ७९६ सीसीच्या इंजिनाची. शाळेची मुलं नेणाऱ्यांनी ती वर्षानुवर्षं हाकली. ट्रॅव्हलर १९८७पासूनची, बजाज टेम्पोची, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सची. रुग्णवाहिका म्हणूनही तीच धावते. महाडच्या एसटी स्टँडबाहेर वडापवाले उभे असतात. त्यांना "चांगला मेकॅनिक कोण?" असं मोघम विचारू नका. "तुमचं इंजिन कुणी बांधलं आणि त्यानंतर किती पावसाळे काढले?" असं विचारा. ज्याची गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते, तो माणूस चुकीचं नाव सहसा देत नाही. लेथवाल्यालाही विचारा, कारण कुणाची इंजिनं लवकर परत येतात हे बोअर करणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

गॅरेजच्या पाटीला आणि फरशीला मी फार महत्त्व देत नाही. उघडलेल्या इंजिनाचे नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवलेत का, हेड आवळायला टॉर्क रेंच आहे का, एवढं पाहा.

काम द्यायचं ठरलं की साध्या वहीच्या पानावर लिहून घ्या: काय बदलणार, कुठल्या कंपनीचं, मजुरी किती, लेथचं बिल वेगळं की धरून, काम बिघडलं तर किती दिवसांपर्यंत फुकट पाहणार. आत आणखी काही निघालं तर आधी फोन, मग काम. काढलेले जुने पिस्टन, रिंगा, बेअरिंग गोणीत घालून परत मागा. याचा राग येणाऱ्याकडे गाडी सोडू नका. पार्टची बिलं जपून ठेवा. वाद झालाच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण तिथे तोंडी बोलणं टिकत नाही, वहीचं ते पान टिकतं.

मोठा खर्च करण्याआधी आरसी काढून पाहा. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करावं लागतं. एमएच-०६च्या गाडीसाठी ते पेणच्या कार्यालयाचं काम. आत केलेले कायमचे बदल परवानगीने आरसीवर चढवलेले नसतील तर तिथेच अडेल. इंजिन नवं आणि कागद मेलेला, अशी गाडी दारात उभी करून उपयोग नाही.

महाडकरांना जुलै २०२१चा पूर सांगायला नको. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत चढलं होतं. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी "चालू होते का बघू" म्हणून सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साफसफाईवर भागणारं काम अख्ख्या इंजिनावर जातं. बॅटरीची वायर काढा, गाडी ढकलून किंवा उचलून गॅरेजात न्या, प्लग किंवा नोझल काढून पाणी बाहेर पडू द्या, ऑइल बदला, मग सेल्फ.

गणपतीला जुनी गाडी घेऊन गावी यायचं असेल तर आषाढातच दाखवून घ्या. गणपतीच्या आठवड्यात इथले चांगले मिस्त्री हायवेवर बंद पडलेल्या गाड्यांमागे पळत असतात, शांतपणे कॉम्प्रेशन मोजायला त्यांना सवड नसते.